परत मागितलेला प्रसाद

औषधाच्या खिडकीचा एक नियम आहे. खिडकीबाहेर गेलेली गोळी पुन्हा आत घ्यायची नाही. ती कुणाच्या खिशात राहिली, कुठल्या उन्हात तापली, कुठल्या ओल्या फडताळात पडून होती, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. सरकारी हॉस्पिटलच्या औषधखान्यात मी सगळी नोकरी केली आणि हा नियम नव्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी शिकवला. मी स्वतः मात्र तो दोनदा मोडला. दुसऱ्यांदा फक्त नऊ गोळ्यांसाठी. पहिल्यांदाची गोष्ट मोठी आहे, म्हणून ती आधी सांगते.

लिहायला बसले खरी, पण मनात धाकधूक आहे. माझं मराठी आमच्या बेटावरच्या मोंतान्य ब्लांश गावच्या देवळातल्या संध्याकाळच्या वर्गातलं. घरी आम्ही अर्धं वाक्य मराठीत सुरू करायचो आणि उरलेलं बेटाच्या क्रेओल बोलीत संपवायचो. आईबा दोघेही उसाच्या शेतात मजुरी करायचे, दोघांनाही सही येत नव्हती. सत्तरच्या दशकात कॉलेजची फी माफ झाली नसती, तर मीही त्याच शेतात गेले असते. आमच्या बेटावर कॉलेज म्हणजे माध्यमिक शाळा, हे भारतातल्या वाचकांसाठी सांगते. ते पूर्ण करणारी आमच्या घरातली मी पहिली. मग औषधं देण्याचं प्रशिक्षण, मग नोकरी. राहायला मी बो बासें शहरात एका दूरच्या मावशीकडे होते आणि रविवारी गावी जायचे.

काम ऐकायला सोपं आहे. डॉक्टरची चिठ्ठी वाचायची, बरणीतून गोळ्या ताटलीवर ओतायच्या, चपट्या पातीने पाच-पाच करून मोजायच्या, कागदी पाकिटात भरायच्या, पाकिटावर नाव लिहायचं आणि कधी किती घ्यायच्या ते सांगायचं. कठीण असतं ते शेवटचं. एक बाई लाल गोळी मिळाल्याशिवाय खिडकीपासून हलायची नाही, कारण पांढरी गोळी म्हणे गरिबांना देतात. एक गृहस्थ मलमाची डबी घेऊन आठ दिवसांनी तक्रार करायला आले. चव फारच वाईट आहे, म्हणाले. आमचे मुख्य फार्मासिस्ट मिस्ये फेलिक्स अशा वेळी अजिबात हसत नसत. ते मला म्हणायचे, "त्यांनी चूक केली नाही, मादमुआझेल. आपण सांगितलं नाही."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा एका सकाळी खिडकीसमोर आमच्या गावचे गुणाजीमामा उभे राहिले. नात्याने मामा नव्हेत, पण गावातले सगळे त्यांना मामा म्हणत. उसाच्या मळ्यात त्यांनी पाटाच्या पाण्याचं काम केलं होतं, आणि देवळात झाकरीचा नाच असला की मृदंग त्यांचाच. शेजारी लक्ष्मीमामी. मामा दोन महिने फ्रान्सला मुलाकडे जाऊन आले होते, एवढं मला माहीत होतं.

"पोरी, इकडं बघ," मामा म्हणाले आणि सदऱ्यावरून छातीला हात लावला. "हितं आत तार हाय. लाफ्रांसची."

"साऱ्या रांगेला सांगा!" मामी म्हणाली.

"सांगतो की! कुणाच्या छातीत हाय?"

मी त्यांनी पुढे केलेले फ्रान्सचे कागद वाचले आणि मान्य करते, हातातली पाती खाली पडली. तिकडे मामांना छातीत कळ आली होती. मुलाने हॉस्पिटलात नेलं, तिथे हृदयाची एक रक्ताची नळी अगदी चिंचोळी झालेली निघाली. डॉक्टरांनी मांडीतून बारीक नळी घालून हृदयापर्यंत नेली, फुग्याने ती जागा रुंद केली, आणि ती पुन्हा आवळू नये म्हणून तिथे धातूच्या तारेची इवलीशी जाळी ठेवून दिली. स्टेंट! या शब्दाबद्दल मी फक्त मिस्ये फेलिक्सच्या एका मासिकात वाचलं होतं. आणि तो माझ्यासमोर उभा होता, चप्पल घालून, मोंतान्य ब्लांशचा, बायकोची बोलणी खात. मी धावत जाऊन मिस्ये फेलिक्सना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचले आणि गुणाजीमामांशी हात मिळवला. मामा त्या हाताकडे दिवसभर बघत राहिले असतील.

जाळी बसवली की काम संपलं असं नसतं, ते इथे थोडं समजावून सांगते. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. कुठे कापलं की तेच एकमेकांना चिकटून रक्त थांबवतात. पण नव्या धातूला बघूनही ते तसंच करतात. जाळीवर गुठळी झाली तर नळी एकदम बंद पडते आणि माणूस जातो. म्हणून प्लेटलेट चिकटू नयेत अशा गोळ्या द्यायच्या, निदान शरीर त्या तारेवर स्वतःचं अस्तर चढवीपर्यंत. मामांना दोन गोळ्या होत्या. एक आपली नेहमीची ॲस्पिरिन, रोज थोडी. दुसरी फ्रान्समधली नवी, दिवसाला दोन. ती आमच्या बेटावर कुठेच नव्हती. मुलाने चार महिन्यांच्या गोळ्या बरोबर दिल्या होत्या आणि पुढच्या पाठवणार होता. कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं की सहा महिन्यांनी तपासू, तोवर दोन्ही गोळ्या चालू, मध्ये बंद करू नये.

"आणि त्यापुढे किती दिवस?" मी मिस्ये फेलिक्सना विचारलं.

त्यांनी खांदे उडवले. "ज्यांनी जाळी बसवली त्यांनाही अजून नीट ठाऊक नसेल."

आमच्या खिडकीतून मामांना फक्त ॲस्पिरिन मिळायची. पहिल्या महिन्याला आले, दुसऱ्या महिन्याला आले, ताठ मानेने, मृदंगाच्या गोष्टी सांगत. मग गणेश चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात, एका शुक्रवारी सकाळी, ते आले आणि खिडकीवर एक चांदीच्या कागदाची पट्टी ठेवली. दहा घरांची पट्टी. सहा घरं फुटलेली.

"ही गोळी तुमच्याकडं मिळंल का? संपत आली."

मी मोजलं. मोजण्याची सवय हाडात मुरलेली असते. दोनशे चाळीस गोळ्या. रोज दोन. साठ दिवस झाले होते. एकशे वीस संपायला हव्या होत्या आणि एकशे वीस उरायला. उरल्या होत्या चार.

"मामा, बाकीच्या घरी आहेत ना?"

"नाय. संपल्या."

"जास्त घेतल्यात का? दिवसाला चार? सहा?" माझा आवाज चढला असावा, कारण रांगेतल्या माना वळल्या.

"नाय गो! दोन म्हंजे दोन."

"मग एकशे सोळा गोळ्या गेल्या कुठे?"

मामा छताकडे बघू लागले. मामी मात्र खिडकीच्या गजांना नाक लावून म्हणाली, "मी सांगते कुठं गेल्या. वाटल्यान! लग्नातल्या गातो-मिठाईसारख्या साऱ्या गावाला वाटल्यान!"

आमच्याकडे परदेशातून कुणी आलं की काहीतरी वाटावं लागतं. चॉकलेट, साबण, निदान एकेक पेन. रिकाम्या हाताने आलेल्या माणसाबद्दल वर्षभर बोलतात. मामा आजारातून उठून आले होते, काही आणलं नव्हतं आणि त्याची लाज वाटत होती. मग दर शनिवारच्या आरतीला त्यांनी गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापल्या, नैवेद्याच्या ताटात ठेवल्या, देवाला दाखवल्या, आणि ज्याच्या ज्याच्या छातीत दुखतं त्याला त्याला प्रसादाबरोबर दिल्या. कुणाला चार, कुणाला सहा, ज्याची तब्येत जास्त खराब दिसली त्याला पट्टीच्या पट्टी.

"मी एकटा बरा होऊन कसा बसू?" मामा म्हणाले. "लोकं बघतात माझ्याकडं."

"आणि ॲस्पिरिन? तीही वाटलीत?"

"ती कशाला? ती आपल्याकडचीच. तिला कोण विचारतो!"

रांगेतलं कुणीतरी हसलं. मीही हसले असते, पण माझ्या डोळ्यांसमोर ती इवलीशी तार होती आणि तिच्यापुढे दोन दिवस. शुक्रवार, शनिवार. रविवारी काहीच नाही.

त्यानंतरचे दोन तास मी कधी विसरणार नाही. मिस्ये फेलिक्सनी पोर्ट लुईपासून क्युरपीपपर्यंत ओळखीच्या सगळ्या औषधांच्या दुकानांत फोन लावले. कुणी ते नावही ऐकलं नव्हतं. हृदयाच्या डॉक्टरांकडे मी स्वतः गेले. ते तरुण होते, माझ्यासारखेच घरातले पहिले शिकलेले, आणि सरळ बोलायचे.

"बंद करा असं मी म्हणू शकत नाही," ते म्हणाले. "आणि किती दिवसांनी बंद केलेलं चालेल तेही सांगू शकत नाही. माझ्या पुस्तकांत ही जाळीच नाही! मी तिकडच्या डॉक्टरांना लिहितो. मुलाला फोन करायला सांगा, येणाऱ्या कुणाबरोबर तरी गोळ्या पाठवू दे. पण त्याला तीन आठवडे लागतील, चारही लागतील. तोवर तुम्ही काय करणार?"

"गावात एकशे सोळा गोळ्या आहेत, डॉक्टर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लोकांनी खाल्ल्या असतील तर? ही गोळी घेणाऱ्याचं रक्त अधूनमधून तपासावं लागतं. वाटायची गोष्ट आहे का ही?"

औषधखान्यात परत आले तर मिस्ये फेलिक्स फोन खाली ठेवत होते. "खिडकीबाहेर गेलेली गोळी परत घेत नाहीत," मी हळूच म्हटलं. नियम त्यांनीच मला शिकवला होता.

"पट्टीतली आहे ना, बरणीतली नाही? आणि मालकीही त्याचीच आहे ना?" ते म्हणाले. "आणता येतील तेवढ्या आण. एकेक मी दिव्याखाली बघतो. पण जायचं तुलाच. तुझं गाव, तुझा देव. मी गेलो तर मला चहा देतील आणि गोळ्या देणार नाहीत."

शनिवारी अर्ध्या दिवसाची नोकरी संपली तशी मी निघाले. बसमध्ये मी भाषण पाठ करत होते. बायकांपैकी कुणी देवळात उभं राहून पुरुषांना काही सुनावल्याचं मला आठवत नव्हतं, आणि मी तर सभेत साधं नाव सांगतानाही अडखळायचे. ऊसतोडणी चालू होती, रस्ताभर उसाने भरलेल्या लॉऱ्या. प्रत्येक लॉरीमागे बस रेंगाळली की मी मनात ओरडायचे, चल, चल!

दिवस मावळायच्या सुमारास आरती झाली. मामा मृदंगावर होते आणि त्यांची बोटं त्या दिवशी चुकत होती. पुजाऱ्यांनी केळं-खोबरं वाटलं. मग मी उठले.

"मला… मला थोडं सांगायचंय," म्हटलं आणि पाठ केलेलं सगळं उडून गेलं. मराठी सुचेना, क्रेओल सुचेना. शेवटी समोर मामा दिसले आणि पाट आठवला. "पाटात नवी जाळी टाकली की काय होतं?" मी विचारलं.

"पाचट अडकतं," दोघातिघांनी एकदम उत्तर दिलं. सगळे मळ्यातलेच.

"आणि अडकत गेलं तर?"

"पाणी बंद."

"मामांच्या छातीत तशी जाळी आहे. त्यांनी दिलेली गोळी पाचट अडकू देत नाही. जाळी जुनी होऊन तिच्यावर शेवाळ चढलं की अडकणं कमी होतं, पण तेवढे दिवस गोळी रोज पाहिजे. एक दिवसही चुकून चालणार नाही. आणि मामांकडे उद्याची गोळी नाही."

मी पुढे बोलत राहिले. "तुमच्याकडे ज्या आहेत, त्या परत द्या. तुमच्यासाठी त्या नाहीतच. ज्याला छातीत दुखतं त्याने हॉस्पिटलात यावं, मी स्वतः डॉक्टरांकडे नेते. पण त्या गोळ्या द्या."

देवळाचे अध्यक्ष रामाकाका कपाळाला आठ्या घालून उठले. "पोरी, तू शिकलेली हायस, बरोबर हाय. पण देवाला दाखवलेलं, हातात पडलेलं. प्रसाद हाय तो. प्रसाद परत मागतात व्हय? आमच्या बापजाद्यांनी कधी मागितला नाय. गुणाजी, तू मागतोस?"

मामांनी मान खाली घातली. "नाय," ते म्हणाले. "मी कसा मागू? दिला तो दिला."

चिठ्ठी, पत्र, फोन, सगळं करून झालं होतं, आणि तो माणूस मरायला तयार होता, पण दिलेलं परत मागायला नव्हता. आणि खरं सांगते, रामाकाकांचंही मला चूक वाटलं नाही. माझ्याकडे यावर उत्तरच नव्हतं. कॉलेजात ते शिकवत नाहीत.

उत्तर लक्ष्मीमामीकडे होतं. ती बायकांमधून उठली, आरतीचं रिकामं ताट पुसलं, देवापुढे ठेवलं, पुन्हा उचललं आणि सरळ नवऱ्यासमोर नेऊन ठेवलं.

"कुणी मागत नाय," ती म्हणाली. "ह्यानं आठ शनिवार तुम्हाला वाटला. आज तुम्ही ह्याला वाटा. प्रसाद देता की नाय आजाऱ्याला? का ह्याच्यापुढं ताट फिरायचं नाय?"

मग रामाकाकांनी स्वतःच्या खिशात हात घातला. पाकिटातून दोन गोळ्यांचा चौकोनी तुकडा काढला, कपाळाला लावला आणि ताटात ठेवला. "माझ्याकडं आणखी चार हायत, घरी," ते म्हणाले आणि चपला न घालताच बाहेर पडले.

आणि मग जी धावपळ झाली! सायकली, चपला, पोरांच्या आरोळ्या, कुणी उसाच्या बांधावरून आडवाटेने पळतंय. पंधरा मिनिटांत एकेक जण परत येऊ लागला. आणि काय सांगू, बहुतेकांनी त्या खाल्ल्याच नव्हत्या! फ्रान्सची गोळी, देवाला दाखवलेली, ती साध्या छातीच्या दुखण्यासाठी कशी खायची? एकाने देव्हाऱ्यात ठेवली होती, पट्टीला हळदकुंकू लावलेलं. एकाने तांदळाच्या डब्यात, भरभराट व्हावी म्हणून. एक म्हातारी कापडात शिवलेली पट्टी नातवाच्या गळ्यातून सोडवून घेऊन आली. मी ताटावर वाकून मोजत होते, पाच, दहा, पंधरा, आणि माझ्या मागे सगळं देऊळ मोजत होतं. बावन्न! पोरांनी टाळ्या वाजवल्या.

फक्त कोपऱ्यातले म्हातारे धोंडूबाबा जागेवरून उठले नाहीत. त्यांच्या नाकाला रुमाल होता आणि रुमाल लाल.

"मी खाल्ल्या," ते ओशाळून म्हणाले. "साऱ्या. डोकं दुखायचं म्हणून वर ॲस्पिरिनपण. कालपासनं हे थांबत नाय."

त्यांना मी त्याच क्षणी रामाकाकांच्या व्हॅनमध्ये बसवून हॉस्पिटलात पाठवलं, चिठ्ठीवर दोन्ही औषधांची नावं लिहून. ते बरे झाले, हे इथेच सांगते, म्हणजे वाचकांना काळजी नको. पण तो लाल रुमाल मला चांगलाच लागला. साठ दिवसांत मी मामांना दोनदा औषध दिलं होतं. पाकिटावर नाव लिहिलं, किती घ्यायची ते सांगितलं. ही गोळी आणखी कुणाला देऊ नका, असं एकदाही म्हटलं नव्हतं. मनात आलंच नव्हतं.

रविवार-सोमवारसाठी म्हणून चार धड गोळ्या मामीच्या हातात ठेवून मी घरी गेले. बा देवळात आले नव्हते. गुडघा धरलाय, आईने सांगितलं. मी घडलेलं सगळं एका दमात सांगितलं, रामाकाका, मामी, ताट, बावन्न. बा ऐकत होते. मग उठले आणि खाटेखालचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात माझं कॉलेजचं प्रमाणपत्र असायचं. त्याच्याखालून त्यांनी दोन पट्ट्या काढल्या. एक अख्खी, एक आठांची. अठरा गोळ्या.

"बा! तुम्हालाही दिल्या?"

"दिल्यान. शेतात एकदा छातीत दुखलं तवा गुणाजीला बोललो होतो."

"छातीत? कधी? मला का नाही सांगितलंत?"

"तू रविवारी येतीस. चहा पितीस. मग बसची वेळ बघतीस." त्यात राग नव्हता, माहिती दिल्यासारखं ते म्हणाले.

मी पट्ट्या हातात घेतल्या. "घेतल्या का नाहीत?" एवढंच विचारलं.

"तुझ्या हॉस्पिटलच्या पाकिटावर माझं नाव असतं. मला वाचता येत नाय, पण माझं नाव कसं दिसतं ते ठावं हाय. ह्याच्यावर ते नव्हतं. म्हटलं, तुला विचारून घिऊ." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "विचारायचं राहिलं."

सोमवारी मी बांना घेऊनच कामावर गेले. डॉक्टरांनी तपासलं. बांच्याही हृदयाच्या नळ्या थकल्या होत्या, पण वेळेत कळलं आणि पुढे त्यांनी कितीतरी ऊसतोडणीचे हंगाम बसून पाहिले. तिकडे मिस्ये फेलिक्सनी उरलेल्या सहासष्ट गोळ्या टेबलावर मांडून एकेक पट्टी दिव्याखाली धरली. दोन गोळ्यांचा कागद फाटला होता, त्या टाकल्या. कुंकू त्यांनी ओल्या कापसाने स्वतः पुसलं. "चौसष्ट," ते म्हणाले. "बत्तीस दिवस. मादमुआझेल, माझ्या आयुष्यात मी इतका चांगला साठा कधी मिळवला नाही."

चतुर्थीला मामांनी मृदंग वाजवला. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, फक्त नाचू नका, म्हणाले. मामा बसून वाजवत होते, आणि दर थोड्या वेळाने गावातलं कुणीतरी जवळ जाऊन विचारायचं, "मामा, गोळी घेतली?" चिडून त्यांनी शेवटी मृदंगावरच थाप मारून उत्तर द्यायला सुरुवात केली.

बत्तिसातल्या पंचविसाव्या दिवशी सगळं एकदमच आलं, मुलाने एका ओळखीच्या प्रवाशाबरोबर पाठवलेल्या गोळ्याही आणि डॉक्टरांना तिकडचं पत्रही. डॉक्टरांनी ते मला वाचून दाखवलं. फ्रेंच सभ्यतेने लिहिलेलं होतं, पण मजकूर साधा होता. नवी गोळी पूर्ण सहा महिने द्यावी. ॲस्पिरिन थांबवू नये. आणि शेवटी, या जाळ्यांचा आमचाही अनुभव थोडाच आहे, तुमच्या रुग्णाची हकीकत कळवत राहा. डॉक्टर पत्राकडे बघत हसले. "कळवत राहा! म्हणजे गुणाजीकडून तेही शिकणार."

सहा महिने झाल्यावर डॉक्टरांनी ती दुसरी गोळी बंद केली, तेव्हा मामा घाबरले. वाटताना घाबरले नव्हते, थांबवताना घाबरले. खिडकीवर येऊन म्हणाले, "आता नुसती आपल्याकडची? पांढरी?" मी म्हटलं, हो, आणि ती कधीच थांबवायची नाही. आणि ती कुणाला द्यायचीही नाही. ते म्हणाले, "ती कोण घेतंय!"

आज जाळ्या बदलल्या आहेत, गोळ्या बदलल्या आहेत. दुसरी गोळी किती दिवस घ्यायची याचं उत्तर आता डॉक्टर माणूस बघून ठरवतात. कुणाला काही महिने, कुणाला वर्ष, ज्याला रक्तस्रावाची भीती त्याला कमी. ते त्यांनीच ठरवावं. माझं काम एवढंच होतं की त्यांनी जे ठरवलं ते घरापर्यंत पोचावं. त्या शनिवारनंतर माझ्या खिडकीतून एकही पाकीट या प्रश्नाशिवाय बाहेर गेलं नाही: "ही गोळी घरात आणखी कोण घेतं?" लोक पहिल्यांदा हसायचे. मग दहांतला एखादा गप्प व्हायचा, आणि त्या एकासाठी मी विचारायचे.

मामा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. दर महिन्याच्या एक तारखेला तीस पांढऱ्या गोळ्या घ्यायला यायचे आणि रिकामं पाकीट उलटं करून खिडकीवर झटकायचे, एकही उरली नाही हे मला दाखवायला. मग एक महिना असा आला की एक तारखेला मामी एकटीच आली. मामा वयाने गेले, सकाळचा चहा पिऊन, खुर्चीत. मला गावाकडून कळलं होतं.

तिने पाकीट पुढे केलं. "हे तुझं तू परत घे, बाय. घरात ठेवलं तर कुणीतरी खाईल."

मी ते ताटलीवर ओतलं आणि सवयीने मोजलं. पाच आणि चार. नऊ.

"कितव्या तारखेला गेले, मामी?"

"एकवीस."

तिसातून एकवीस गेले. त्या सकाळचीही त्यांनी घेतली होती. मी नऊ गोळ्या पाकिटात भरल्या, मामांच्या नावाची बाजू वर केली आणि खिडकीच्या आत ठेवून दिल्या.